फॅटी लिव्हर आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. बाजाराच्या दिवशी सोनोग्राफीचा कागद घडी करून खिशात घालून येणारे आताशा वाढलेत. डॉक्टरांची चिठ्ठी असो-नसो, बऱ्याच जणांची मागणी ठरलेली असते: "लिव्हरसाठी एखादं चांगलं टॉनिक द्या जी." त्यानंतर जे बोलणं होतं ते इथे मांडलं आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. शिवाय या गोळ्या विकणाराही मीच, तेव्हा त्या हिशेबाने वाचा. कोणतंही औषध सुरू करायचं किंवा बंद करायचं तर ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' लिहून आलं. घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण कागद कपाटात टाकून विसरायचंही नाही. लिव्हरच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी भरली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. साध्या सोनोग्राफीला ही चरबी २०-३० टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच नीट दिसते. म्हणजे ग्रेड वन आलं तेव्हा काम थोडं आधीच सुरू झालेलं असतं.

एक घोळ मात्र नेहमी होतो. ग्रेड म्हणजे मशीनवर लिव्हर किती पांढरं दिसलं, एवढंच. लिव्हरला आतून व्रण किती पडलेत, ते किती कडक झालंय, हे ग्रेडवरून कळत नाही. ग्रेड थ्री असून लिव्हर मऊ असू शकतं आणि ग्रेड वन असून कडक. पुढे सिरॉसिस होतो तो या कडकपणातून. त्यासाठी वेगळा हिशेब करावा लागतो, तो खाली दिला आहे.

"मी तं दारूले हातबी लावत नाही, मंग लिव्हर कसं खराब झालं?"

हा प्रश्न विचारताना माणूस घरच्यांकडे बघतो, कारण घरचेही तोच संशय घेऊन आलेले असतात. दारूने लिव्हरला चरबी धरते हे खरंच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी तिथेही दारूचा प्रश्न संपलेला नाही. पण दारूचा थेंब न घेता होणारा फॅटी लिव्हर हा आज फार मोठा गट आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने त्याला मधुमेह, बीपी, कॅन्सर यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं ते उगाच नाही. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरतज्ज्ञांनी या आजाराचं नावच बदललं आणि 'मेटाबॉलिक' हा शब्द त्यात घातला. मूळ बिघाड शरीराच्या ऊर्जेच्या हिशेबात आहे, तो नावात दिसावा म्हणून.

आत होतं असं: पोटाचा घेर वाढला की शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. मग चरबीच्या साठ्यातून जास्तीची चरबी रक्तात सुटते आणि लिव्हरकडे जाते. भरीला साखर आणि मैदा जास्त झाला की लिव्हर स्वतःही त्यांची चरबी करतं. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं खूप. त्यांना आपण 'सडपातळ' म्हणतो, पण टेप सांगतो ते वेगळं. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल तर वजनकाट्याकडे न बघताही सावध व्हावं. आशाताई तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरायला येतात तेव्हा कंबर मोजतात ती यासाठीच. लाजून "राहू द्या" म्हणू नका.

दिवसभर वावरात असतो, तरी मला कसं झालं?

वावरात असणं आणि वावरात राबणं यात अलीकडे अंतर पडलंय. मोटरसायकलवर वावरात जायचं, मोटर मोबाइलवरून सुरू करायची, निंदणाच्या जागी तणनाशक, वखरणीला भाड्याचा ट्रॅक्टर. मजूर लावला की मालक बांधावर. मी कोणाला आळशी म्हणत नाही, खर्चाचं आणि मजुरांचं गणितच तसं झालंय. पण ताटातली भाकर-भात मात्र वडिलांच्या काळाइतकाच राहिला, आणि त्यात दिवसाचे पाच-सहा चहा जमा झाले.

अँटिऑक्सिडंटचा आणि लिव्हरचा संबंध काय?

संबंध खरा आहे, जाहिरातवाल्यांनी तो हवेतून काढलेला नाही. लिव्हरच्या पेशीत जास्तीची चरबी आली की पेशी ती जाळायला जातात. जाळताना 'फ्री रॅडिकल' नावाचे अतिशय चिडके कण तयार होतात. ते पेशीच्या भोवतीच्या चरबीच्या पातळ पडद्यावर हल्ला करतात, एक कण बिघडला की शेजारचा, अशी साखळी चालते. त्यातून सूज येते, आणि वर्षानुवर्षं सूज राहिली की व्रण. अँटिऑक्सिडंट म्हणजे ही साखळी तोडणारा पदार्थ. व्हिटॅमिन ई चरबीत विरघळतं, थेट त्या पडद्यात जाऊन बसतं, म्हणून लिव्हरच्या बाबतीत त्याचं नाव सगळ्यात आधी येतं.

कागदावर हे इतकं सुबक दिसतं की कोणालाही वाटावं, मारा गोळी. पण मूळ चरबी तशीच येत राहिली आणि आपण फक्त चिडके कण विझवत बसलो, तर ते वावरात पाणी तुंबलेलं असताना पिवळ्या पडलेल्या पऱ्हाटीवर टॉनिक फवारण्यासारखं होतं. दुसरी अडचण अशी की हे चिडके कण सगळेच शत्रू नाहीत. जंतू मारायला, पेशींना निरोप द्यायला शरीर त्यांचा उपयोग करतं. सरसकट विझवले तर नुकसानही होऊ शकतं. ते कसं, याची उदाहरणं पुढे येतील.

मग व्हिटॅमिन ई घ्यावं की नाही? सरळ सांगा.

सरळ उत्तर: काही जणांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बाकीच्यांनी नाही.

सगळ्यात वजनदार पुरावा २०१० मध्ये आलेल्या 'पिव्हेन्स' या अमेरिकी चाचणीचा. मधुमेह नसलेले, पण लिव्हरचा तुकडा काढून तपासल्यावर सूज पक्की ठरलेले २४७ रुग्ण त्यात होते. व्हिटॅमिन ई गटाला रोज ८०० युनिट, ९६ आठवडे दिलं. त्यातल्या ४३ टक्क्यांच्या लिव्हरमध्ये सुधारणा दिसली. औषध नसलेली, नुसती दिसायला गोळी दिलेल्या गटात ती १९ टक्के होती. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण व्रणांवर ठोस परिणाम दिसला नाही, आणि पुढे आयुष्य बेततं ते व्रणांवरच.

आता त्या चाचणीतली माणसं आणि माझ्या काउंटरसमोरची माणसं जुळतात का ते बघा. त्यांना मधुमेह नव्हता, आपल्याकडे फॅटी लिव्हरवाल्यांत मधुमेह सर्रास. त्यांची सूज सिद्ध झालेली होती, आपल्याकडे हातात फक्त सोनोग्राफीचा कागद. त्यांच्यावर डॉक्टरांची दोन वर्षं नजर होती, आपल्याकडे एक पत्ता नेला, बरं वाटलं की बंद, पाहुण्याने सांगितलं की परत सुरू. म्हणून अमेरिकेतले लिव्हरतज्ज्ञ 'निवडक रुग्णांत विचार करता येईल' एवढंच म्हणतात, आणि युरोपातल्या संघटनांनी २०२४ च्या मार्गदर्शनात या आजाराचं औषध म्हणून व्हिटॅमिन ईची शिफारस करता येत नाही असं लिहिलं. दोन्हीकडचे लोक शहाणेच आहेत. पुरावा तोच आहे, कोण किती धोका पत्करायला तयार आहे एवढाच फरक.

मला शुगर आहे. मला चालेल?

मधुमेहाच्या रुग्णांवरची वेगळी चाचणी २०१९ मध्ये आली. एकट्या व्हिटॅमिन ईने ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठलं नाही. सोबत पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची गोळी दिली तेव्हा गाठलं. म्हणजे तुमच्यासाठी आधीचा प्रश्न 'शुगर आटोक्यात आहे का' हा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या. कॅप्सूलचा विषय त्यानंतर काढा.

आणखी एक. मधुमेह किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या ५५ वर्षांवरच्या लोकांना 'होप' या अभ्यासात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं दिलं होतं. २००५ मध्ये आलेल्या निकालात हृदयविकार किंवा कॅन्सर कमी झालेला दिसला नाही, उलट हार्ट फेल्युअरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. 'विटामिनच तर आहे, काय होतंय' असं म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

कोणी हात लावूच नये?

रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता अजिबात नाही. वॉरफेरिनवर असाल तर विशेष, आणि अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तरीही. व्हिटॅमिन ईच्या मोठ्या मात्रेने रक्त गोठायला वेळ लागतो. बीपी वर-खाली होत असेल तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांसाठी एक वेगळी गोष्ट. 'सिलेक्ट' या अभ्यासात ३५ हजारांहून जास्त पुरुष होते. २०११ च्या निकालात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. ज्या आशेने अभ्यास सुरू केला होता त्याच्या नेमकं उलट.

ती हिरवी कॅप्सूल, बायका चेहऱ्याला लावतात ती, तीच ना ही?

तीच. आत व्हिटॅमिन ई असतं, म्हणून कोणी टोचून केसांना लावतं, कोणी पायात गोळे येतात म्हणून खातं. पण चाचणीत वापरलं ते नैसर्गिक प्रकारचं व्हिटॅमिन ई होतं. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक कृत्रिम प्रकारचं, आणि मिलीग्रॅमला मिलीग्रॅम धरलं तर त्याचा जोर कमी पडतो. त्यामुळे 'अमेरिकेत ८०० दिलं, मग मी ४०० च्या दोन घेतो' असा हिशेब घरी बसून करू नका. तसंही प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मिलीग्रॅमच्या आसपास असते, आणि शेंगदाणे, तेल, हिरव्या भाज्यांतून ती बरीचशी भागते.

व्हिटॅमिन सी? आवळा, संत्री?

वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्र्यांच्या पट्ट्यात राहून व्हिटॅमिन सीची गोळी विकत घेणं मला जरा गमतीचं वाटतं. एक मोठा आवळा खाल्ला तरी दिवसाची गरज भागून उरते. संत्री सोलून खावीत, रस काढून नाही. रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका घोटात जाते आणि चोथा मागे राहतो. डब्यातला रस तर नकोच.

गोळीने फॅटी लिव्हर बरा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. स्वीडनमधल्या पुरुषांवरच्या २०१३ च्या अभ्यासात व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडे साधारण दुप्पट दिसले. मे महिन्यात ४५ डिग्रीत पाणी कमी पिणाऱ्याने यावर विचार करावा. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याला वरचेवर रक्त चढवावं लागत असेल तर व्हिटॅमिन सीच्या गोळ्या परस्पर देऊ नका, त्या शरीरात लोह जास्त शोषून घ्यायला लावतात. आणि सिकलसेलमध्ये डोळे पिवळे दिसतात ते लाल पेशी फुटल्यामुळेही असू शकतं, ते 'लिव्हर खराब' म्हणून टॉनिकने झाकू नका.

हळद तर आपल्या घरचीच. तिच्या कॅप्सूल घेतल्या तर?

वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यातल्या कर्क्युमिनचं कौतुक आम्हालाही आहे. भाजीतली, वरणातली हळद बिनधास्त खा. पण साध्या हळदीत कर्क्युमिन शेकड्याला तीनच्या आसपास असतं. कॅप्सूलमध्ये ते पाचशे-हजार मिलीग्रॅम एकदम येतं, आणि शोषण वाढावं म्हणून बरेचदा मिऱ्यातलं पायपरीन घातलेलं असतं. ही हळद राहिली नाही, ते औषध झालं.

फॅटी लिव्हरवर कर्क्युमिनच्या चाचण्या बऱ्याच झाल्या आहेत, पण बहुतेक छोट्या आणि काही आठवड्यांच्या. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारा आकडा, थोडं उतरलेलं दिसतं. व्रण कमी झाले का, हे त्या सांगत नाहीत. दुसऱ्या बाजूला अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले, आणि त्यात मिऱ्याची जोड असलेली उत्पादनंही होती. लिव्हर वाचवायला घेतलेल्या गोळीनेच लिव्हर सुजलं, असा प्रकार. क्वचित होतो, पण ज्याला होतो त्याला ते क्वचित वाटत नाही.

गुळवेल, भुईआवळा, काविळीचा झाडपाला?

इथे लोक नाराज होतात, तरी लिहितो. कोरोनाच्या काळात गावोगावी निंबावरची गुळवेल उतरवून काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला: तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असेल, असं त्यांचं म्हणणं. वाद काहीही असो, आपल्यापुरता अर्थ दोन्ही बाजूंनी एकच निघतो. कोणती वेल, किती, किती दिवस हे ठाऊक नसताना आधीच सुजलेल्या लिव्हरवर प्रयोग करायचा नाही. घ्यायचंच असेल तर शिकलेल्या वैद्यांकडून घ्या आणि आधी-नंतर लिव्हरची तपासणी करा.

काविळीच्या माळेबद्दल मी काही बोलत नाही, ती गळ्यात असते, पोटात जात नाही. पण माळ घालून वाट बघताना हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी राहून जाते, ती करून घ्या.

डॉक्टरांनीच सिलिमरिनची गोळी लिहून दिली आहे. ती चालेल?

ती मिल्क थिसल या वनस्पतीच्या अर्काची गोळी. डॉक्टरांनी दिली असेल तर घ्या, नुकसान सहसा होत नाही. मात्र तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. मलेशियात मोठ्या मात्रेत, दिवसातून तीनदा ७०० मिलीग्रॅम असं ४८ आठवडे देऊन पाहिलं. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट साधलं नाही, व्रणांत थोडी सुधारणा दिसली, आणि त्यासाठी आणखी मोठी चाचणी हवी असं त्यांनीच लिहिलं. आपल्याकडच्या गोळीत सहसा त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकंच सिलिमरिन असतं.

ओळखीच्या भाऊंनी मीटिंगला नेलं. 'लिव्हर डिटॉक्स'चा डबा आहे, तीन महिन्यांचा कोर्स. घेऊ का?

नका घेऊ.

थोडं सविस्तर हवं असेल तर डबा हातात घेऊन उलटा करा. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी नंबर आणि 'औषधी वापरासाठी नाही' असा बारीक मजकूर दिसेल. म्हणजे कायद्याने तो खाद्यपदार्थ आहे, आजार बरा करतो असं म्हणण्याचा त्याला हक्कच नाही. मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर जे सांगितलं जातं ते डब्यावर छापलेलं नसतं, छापता येतच नाही. मग घटकांची यादी वाचा. 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून पंधरा वनस्पतींची नावं आणि एकाचंही प्रमाण दिलेलं नसेल, तर काय खातोय हे तुम्हालाही कळणार नाही आणि उद्या बिघडलं तर डॉक्टरलाही.

एवढा पैसा जवळ असेल तर लिव्हर फंक्शन, सीबीसी, शुगर, लिपिड या तपासण्या करून घ्या. त्यातून काही कळेल तरी.

सकाळी फिरायला सुरुवात केली. सोबत सी आणि ईच्या गोळ्या घेतल्या तर लवकर फरक पडेल ना?

उलटही होऊ शकतं. जर्मनीत २००९ मध्ये तरुण पुरुषांवर एक छोटा पण डोळे उघडणारा प्रयोग झाला. सगळ्यांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज १००० मिलीग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट व्हिटॅमिन ई दिलं. ज्यांना गोळ्या दिल्या नाहीत त्यांचं शरीर इन्सुलिनचं नीट ऐकायला लागलं. गोळ्या घेणाऱ्यांत हा फायदा दिसला नाही. व्यायामात तयार होणारे तेच चिडके कण स्नायूंना 'आता सुधारा' असा निरोप देत असतात, आणि गोळीने तो निरोपच दाबला, असं त्याचं स्पष्टीकरण. प्रयोग छोटा होता, त्यावरून कायदा करू नये. पण फिरायला लागला आहात तर फक्त फिरा.

बिडी पितो. सगळी विटामिनं असलेली 'ए टू झेड' चालेल?

लेबलवर बीटा कॅरोटीन (गाजरातला अँटिऑक्सिडंट) किती आहे ते बघा. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९ हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या अभ्यासाचा निकाल आला. बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला होता. गाजर खा, हरकत नाही, ताकदीच्या गोळ्या नको. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही. त्याबद्दल सांगायला नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलबाहेरचा बाक पुरेसा आहे.

ग्रीन टी?

कपात गाळून प्यायला हरकत नाही. अर्काच्या गोळ्या नको. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की दिवसाला ८०० मिलीग्रॅम किंवा जास्त इजीसीजी, म्हणजे ग्रीन टीतला मुख्य घटक, गोळ्यांतून घेतला तर लिव्हरचे आकडे चढू शकतात. कॉफीचं मात्र नाव चांगलं निघालंय: रोज दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरला व्रण कमी दिसतात. बिनसाखरेची. आणि ती पचत नसेल, झोप उडत असेल तर मुद्दाम सुरू करू नका.

मग खायचं काय?

आधी चहा. दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे दहा ग्रॅम साखर. पाच कप झाले की पन्नास. कोणाच्याही घरी गेलं की चहा नाकारता येत नाही हे मान्य, पण आपल्या घरचा तरी फिका करता येतो. थंड पेयाच्या छोट्या बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, लग्नसराईत त्या किती रिचवतो ते आठवा. साखरेतला फ्रुक्टोज नावाचा अर्धा भाग थेट लिव्हरवर पडतो.

भंडारा-गोंदियाकडे दोन्ही वेळा भात असतो, तिथे 'भात सोडा' म्हणणं वेडेपणाचं. भात अर्धा करा, वरण घट्ट करा, भाजी वाढवा. इकडे ज्वारीची भाकर आहेच, ती कमी झाली ती पोळी सोपी वाटते म्हणून आणि राशनचा गहू घरात येतो म्हणून. अंबाडीची भाजी, चवळी, मूग, मटकी, लाखोडीच्या ऐवजी तूर-चणा. जवसाची चटणी रोज चमचाभर. उपवासाला साबुदाण्याच्या उसळीऐवजी भगर आणि दही, आणि शेंगदाणे मुठीत मावतील एवढेच. सावजी रस्सा बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकतं. पण वर तरंगणारी तर्री बाजूला करून खा. तर्री पोह्यांवरच्या त्या लाल थराचंही तेच.

अँटिऑक्सिडंट हवेच असतील तर ते वरच्या यादीत सगळे आलेत.

वजन किती कमी करायचं?

३ ते ५ टक्के उतरलं तरी लिव्हरची चरबी घटते. ७ ते १० टक्के उतरलं तर सूज उतरायला लागते, आणि दहाच्या पुढे गेलं तर व्रणही मागे हटू शकतात. ७२ किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे पाच किलो. आठवड्याला अर्धा ते एक किलो या वेगाने. निव्वळ पाण्यावर राहून झटक्यात वजन पाडलं तर पित्ताशयात खडे होतात आणि लिव्हरलाही ते मानवत नाही.

या आजारात चरबी, सूज आणि व्रण या तिन्हींवर असं काम करणारी एकही अँटिऑक्सिडंट गोळी माझ्या कपाटात नाही.

लिव्हर कडक झालंय का, हे गावात कळेल?

बऱ्यापैकी कळतं. 'फिब-फोर' नावाचा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी (हाही एसजीपीटीसारखाच लिव्हरच्या रक्ततपासणीतला आकडा), त्याला प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने भागायचं. समजा वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट अडीच लाख म्हणजे २५०. वर आले १८००. खाली ४९ चं वर्गमूळ ७, गुणिले २५०, म्हणजे १७५०. उत्तर १.०३.

१.३ च्या खाली असेल तर मोठा कडकपणा असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरतज्ज्ञांकडे जायचं. मधे असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी. पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ धरतात. चारही आकडे साध्या तपासण्यांत मिळतात. मोबाइलवर हिशेब जमत नसेल तर आरोग्य मंदिरातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमना किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाला सांगा. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत मात्र होऊ नका, ते नॉर्मल असूनही लिव्हर कडक असू शकतं.

खरं औषध कुठलं निघालंय का?

निघालंय. सॅरोग्लिटाझार या भारतात शोधलेल्या औषधाला २०२० मध्ये आपल्याकडे या आजारासाठी मंजुरी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन मंजूर झालं, ही दोन्ही मध्यम ते बऱ्यापैकी व्रण असलेल्यांसाठी. यातलं कुठलंही चिठ्ठीशिवाय मागू नका, मी देणार नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर 'लिव्हरला वाईट' म्हणून मनाने बंद करू नका. फॅटी लिव्हरवाल्यांचा मोठा धोका हृदयाचाच असतो.

फवारणीनंतर लिव्हर साफ करायला व्हिटॅमिन ई घेतलं तर?

विषबाधेवर ते औषध नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली हे आपण पाहिलंय. उलटी, घाम, धूसर दिसणं, लाळ सुटणं यातलं काही झालं तर औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना.

मुलाचं वजन जास्त आहे, त्यालाही फॅटी लिव्हर सांगितलं.

८ ते १७ वयाच्या मुलांवर व्हिटॅमिन ईची 'टॉनिक' नावाचीच चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला. एसजीपीटी टिकून कमी होण्यात फायदा दिसला नाही. मुलाला गोळी नको, कुरकुऱ्यांची पाकिटं घरात आणणं बंद करा आणि त्याला सायकलने शाळेत जाऊ द्या. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवाच, कारण लहान वयात लिव्हर बिघडण्याची वेगळी कारणंही असतात.

नागपूरला दाखवायला जायचंय. काय सोबत नेऊ?

मेडिकल कॉलेजचा दवाखाना, मेयो, एम्स किंवा सेवाग्रामचा दवाखाना, कुठेही जा, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. आधार आणि राशनकार्ड न्या, योजनेत काही बसत असेल तर तिथेच विचारता येतं. रिकाम्या पोटी जा, रक्त आणि सोनोग्राफी त्याच दिवशी उरकते. दारू घेत असाल तर किती ते खरं सांगा, बायकोसमोर सांगता येत नसेल तर तिला क्षणभर बाहेर बसवा. आणि सध्या जे काही खाताय ते सगळं पिशवीत घाला: बीपीच्या गोळ्या, मीटिंगमधला डबा, वैद्यांची पुडी, काढ्याची बाटली, हिरवी कॅप्सूल. नावं सांगता येत नाहीत, 'पांढरी गोल गोळी' एवढ्यावर डॉक्टर काही करू शकत नाहीत. पाकिटं फाडून फेकलेली असतील तर माझ्याकडे या, बिलावरून नावं काढून देतो.